पाव इंचाने लांब झालेली मोटार

माझ्या कपाटात एक मोटार आहे. फूटभराहून थोडी जास्त लांब. तिला रंग नाही, चाकं नाहीत, आणि मागच्या दारापाशी पाव इंचाची फट आहे. घरी येणारे ती हातात घेतात, उलटसुलट करून बघतात आणि कोणी केली म्हणून विचारतात. मी सांगतो, धुळ्याच्या एका शिंप्याने. मग कोणाचं तरी बोट त्या फटीवर जातं. "इथे जरा चुकलं वाटतं बिचाऱ्याचं," असं म्हणून ते मोटार खाली ठेवतात. मी चहाचं बघतो म्हणून आत जातो. ती चूक शिंप्याची नव्हती, हे मी आजपर्यंत एकाही पाहुण्याला सांगितलेलं नाही. आता पिंप्राळ्यात घर बांधून स्थिरावलो आहे, केस पांढरे होऊ लागले आहेत, आणि हे लिहून काढल्याशिवाय बरं वाटणार नाही.

स्वातंत्र्यानंतर सहा-सात वर्षांनी मी अमळनेरजवळच्या खेड्यातून धुळ्याला आलो. आग्रा रोडवरच्या एका कापडदुकानात मला मोजणाऱ्याची नोकरी मिळाली होती. गिऱ्हाईकासमोर गादीवर बसायचं, ठाण उलगडायचं आणि लोखंडी गजाने कापड मोजून फाडायचं. गज म्हणजे एक वार लांबीची सळई, छत्तीस इंचांची. दुकानामागची एक खोलीही मला राहायला दिली होती. माझं नुकतंच लग्न झालं होतं, त्यामुळे नोकरीपेक्षा त्या खोलीचा मला जास्त आधार वाटायचा.

दुकानाच्या ओट्यावर मास्तर बसत. मास्तर म्हणजे शिंपी. वय पंचेचाळीसच्या पुढे, अंगाने काटकुळे, खिशात पांढरा खडू आणि गळ्यात टेप. त्यांचे वडीलही त्याच ओट्यावर बसून शिवत असत. गिऱ्हाइकाने आत कापड घ्यायचं, बाहेर येऊन मास्तरांच्या हातात द्यायचं आणि माप देऊन घरी जायचं, अशी रीतच होती. आमच्या दुकानाचं कापड आणि मास्तरांची शिलाई लोक एकच समजत.

रस्ता मुंबईहून आग्र्याला जाणारा. दिवसभर त्यावरून लॉऱ्या, एस.टी. आणि अधूनमधून मोटारी जात. मास्तरांचे पाय मशीन चालवत आणि डोळे रस्त्यावर असत. एखादी मोटार दुकानापाशी थांबली की पाय थांबत. मास्तर स्वतः मोटारीत कधीच बसले नव्हते. पण मशीनच्या वरच्या फळीवर, बिस्किटांच्या दुकानातून आणलेल्या जुन्या काचेच्या पेटीत, त्यांच्या चार मोटारी होत्या. नरडाण्याला जाणारी एस.टी., एक लॉरी, एक जुनी टॅक्सी आणि कोण्या साहेबाची उघड्या टपाची गाडी. सगळ्या त्यांनी स्वतः केलेल्या, आणि सगळ्या एकाच मापात.

ते माप त्यांचं स्वतःचं होतं. कापडाच्या धंद्यात एका वाराचे सोळा गिरह होतात. मास्तर म्हणत, "खऱ्या गाडीचा एक वार, माझ्या गाडीचा एक गिरह. एवढं पाळलं की मग गाडी आपोआप गाडीसारखी दिसते." एस.टी.च्या पायऱ्या, तिच्या टपावर चढायची शिडी, कंडक्टरने ओढायची दोरी, सगळं वाराला गिरह या हिशेबाने उतरलेलं असे. त्या एस.टी.च्या खिडकीत डोळा लावून बघितलं की आतल्या बाकांवरचं रेक्झीन एका जागी फाटलेलं दिसायचं. मी विचारलं होतं, फाटकं का केलं? ते म्हणाले, "नरडाण्याच्या गाडीत ते तिथंच फाटलेलं आहे."

मोटारीचं अंग ते कापडाचं करत. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं. लाकडाचा ठोकळा तासून गाडीच्या आकाराचा करायचा. मग कोटाच्या कॉलरमध्ये घालतात ते बक्रम सरसात भिजवून त्या ठोकळ्यावर थरांवर थर बसवायचं. प्रत्येक तुकडा आधी खाकी कागदावर बेतलेला, कोटाचा बेततात तसा. पुढचा भाग, पाठ, कुशी. जिथे गोलाई असेल तिथे चिमटा घ्यायचा. आठ दिवस वाळलं की ते पत्र्यासारखं वाजायचं. मग घासून घासून गुळगुळीत करायचं आणि सायकलवाल्याकडचा रंग द्यायचा. समोरचे दिवे काचेच्या बटणांचे. दाराच्या मुठी ब्लाउजच्या हुकांच्या. स्टिअरिंगच्या तारेवर रेशमी दोरा इतका जवळजवळ गुंडाळलेला की तार दिसायची नाही. दारं उघडायची आणि लागायची. दार लागताना टक् असा आवाज आला पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. तो येईपर्यंत ते बिजागरी काढून पुन्हा बसवत राहत.

आतल्या गाद्या कपड्यांच्या उरलेल्या चिंध्यांच्या असत, आणि यावरून त्यांना बोलणी खावी लागत. एकदा नरडाण्याकडचा एक म्हातारा शेतकरी नवा सदरा हातात घेऊन परत आला. माझ्यासमोर, भर बाजारात, ओट्यापाशी उभा राहून म्हणाला, "मास्तर, तीन वार कपडा लेयेल शे. बाह्या आखूड कश्या काय उन्यात? उरेल कपडा कथा गया?"

"नाना, उरलाच नाही," मास्तर म्हणाले.

"नही कसा? त्या मोटारना गाद्या कशाना शेत मग?"

लोक हसले. मास्तरही हसले. "नाना, त्या गादीत तुमची चिंधी नाही. तिच्यात कोणाकोणाची आहे ते सांगू का?" आणि त्यांनी खरंच सांगितलं. ही निळी तहसीलमधल्या कारकुनाच्या पँटची, ही तपकिरी शाळेच्या गुरुजींच्या कोटाची. प्रत्येकाला त्यांनी विचारलेलं होतं, हे चार बोटं ठेवून घेऊ का म्हणून. म्हाताऱ्याची समजूत पटली नाही. मग मास्तर आत आले आणि माझ्याकडून त्याच कापडाचा पाव वार पैसे देऊन घेऊन गेले. त्या बाह्या त्यांनी पुन्हा लावून दिल्या.

त्या दिवशी मी मान खाली घालून तो पाव वार मोजून दिला. कारण बाह्या आखूड का झाल्या, हे मला ठाऊक होतं.

आमच्या दुकानात दोन गज होते. एकावर सरकारी शिक्का होता. तो गादीखाली असे आणि वजनमापं तपासणारा साहेब आला की वर येई. दुसरा रोजच्या वापराचा. तो एका टोकाकडून घासून पाऊण इंच कमी केलेला होता. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शेठजींनी तो माझ्या हातात देऊन सांगितलं होतं, "हा हातात ठेवायचा. तोंड बंद ठेवायचं." मी दोन्ही केलं. मास्तरांना कापड कमी भरतंय हे कळायचं, नाही असं नाही. पण मोजताना दुकानदार कापड ताणतात, हे प्रत्येक शिंप्याला माहीत असतं. मला ते थट्टेने म्हणत, "भाऊ, जरा कमी ताण रे. कापडाला पण जीव असतो." मी हसायचो.

नंतरच्या उन्हाळ्यात जळगावकडचं एक जिनिंगवाल्यांचं कुटुंब लग्नाचा बस्ता घ्यायला आमच्याकडे आलं. बस्ता म्हणजे सगळ्या लग्नघराचं कापड एका बैठकीत काढायचं. चार-पाच तास सहज जातात. त्यांची मोटार ओट्यासमोर उभी राहिली. बदामी रंगाची, अमेरिकन, इतकी लांब की शेजारच्या सायकलवाल्याचं दुकान तिच्यामागे झाकून गेलं. मास्तरांचे मशीनवरचे पाय थांबले ते थांबलेच.

ते खाकी कागद घेऊन खाली उतरले. ड्रायव्हर बोनेटला टेकून विडी ओढत होता. त्याने बघितलं, हा माणूस गाडीला टेप लावतोय.

"काय मास्तर, सदरा शिवताय का गाडीला?"

"सदरा कसला, शेरवानी लागेल. खांदे बघा ना केवढे."

"खडू लावू नका हो. मालक माझी कातडी सोलतील."

"शिंप्याचा खडू आहे. फुंकर मारली की जातो."

दारं, बोनेट, मागची डिकी, काचा, सगळं त्यांनी टेपने मोजलं. पण गाडीची एकूण लांबी आणि दोन चाकांमधलं अंतर टेपच्या आवाक्याबाहेरचं. टेप मधे झोळ खातो. त्यांनी दारातून हाक मारली, "भाऊ, तुझा गज घेऊन ये पाहू. लोखंडाला झोळ येत नाही."

मी हातात होता तोच गज घेऊन बाहेर गेलो. पायऱ्या उतरताना मला आठवलं, हा कोणता गज आहे ते. मागे वळून बघितलं तर शेठजी दारात उभे होते, गिऱ्हाइकांशी बोलत, पण नजर माझ्यावर. मी मनाशी म्हणालो, गाडी म्हणजे काही कापड नव्हे, यात कोणाचं काय जाणार आहे? गज पाचदा ठेवला, सहाव्यांदा अर्ध्याहून जास्त भरला. मास्तरांनी पेन्सिलीने लिहून घेतलं. लिहिताना त्यांचे डोळे असे चमकत होते की मला वाटलं, चला, एक चांगलं काम झालं.

पुढचं वर्षभर ते त्या मोटारीत होते. दुपारचं ऊन ओट्यावर आलं की शिवणकाम बाजूला ठेवून अर्धा-पाऊण तास, तेवढाच. मी जेवून त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. माणूस किती सावकाश काम करू शकतो आणि तरी कसा आनंदात असू शकतो, हे मी तिथे पाहिलं. पुढच्या जाळीतल्या पट्ट्यांसाठी त्यांनी सुया घेतल्या होत्या, प्रत्येक सुईचं नेढं कापून. सतरा सुया बसवल्या आणि मग खऱ्या गाडीत सोळाच होत्या म्हणून सगळ्या उपटून पुन्हा बसवल्या. शेठजी येता-जाता म्हणत, "मास्तर, या मोटारी विकल्या असत्या तर आज हे दुकान तुमचं असतं."

"आणि तुम्ही ओट्यावर बसला असता, शेठजी. तुम्हाला मशीन जमलं नसतं."

मग दारं बसवायची वेळ आली आणि काहीतरी बिनसलं. बोनेट बरोबर, पुढचं दार बरोबर, मागचं दार बरोबर, डिकी बरोबर. पण सगळं लावल्यावर मागच्या दारापाशी पाव इंच जागा उरायची. मास्तरांनी दार पुन्हा बेतलं. पुन्हा तेवढंच आलं. तिसऱ्यांदा केलं. मग एक दिवस ते दार हातात धरून मला म्हणाले, "भाऊ, माझी नजर गेली."

मला तिथल्या तिथे उमगलं. वारामागे पाऊण इंच, पावणेसहा वारांची गाडी, म्हणजे चार इंचांहून थोडं जास्त. वाराला गिरह, म्हणजे सोळाव्या हिश्श्याने, त्याचा पाव इंच. आखूड गजाने मोजलं की आकडा जास्त येतो, म्हणून ठोकळा लांब झाला होता आणि दारं त्यांच्या टेपने खरी होती. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "जरा विश्रांती घ्या, मास्तर. डोळे दुखले असतील."

त्यांनी चष्मा आणला. तो त्यांना कधी नीट बसला नाही, सारखा नाकावर घसरायचा. चष्म्यातूनही फट तेवढीच होती. तेव्हा ते जास्त घाबरले. ज्या शिंप्याचं माप चुकतं, त्याने कात्री धरू नये, असं ते इतरांबद्दल नेहमी म्हणत. आता त्यांनी ते स्वतःला लावलं. कापड बेतताना एकच माप तीनतीनदा घेऊ लागले. ईदच्या आधी एका लग्नाच्या शेरवानीचं काम आलं, ते त्यांनी समोरच्या गल्लीतल्या शिंप्याकडे पाठवून दिलं. मी हे सगळं आतून, गादीवरून, बघत होतो. माझ्या मांडीवर तो गज असायचा.

किती महिने? चार. मी मोजले आहेत. चार महिने एक कुशल माणूस आपल्याच हातांवर संशय घेत होता, आणि खोली जाईल या भीतीने मी गप्प होतो. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "खोली दुसरी मिळेल." तरीही मी आणखी पंधरा दिवस काढले.

मग एका सकाळी मास्तर मोठी कात्री फडक्यात गुंडाळताना मला दिसले. त्यांच्या वडिलांची कात्री, मुठीवरचं पितळ झिजून सोनेरी झालेलं. "अमळनेरच्या पुतण्याला देऊन टाकतो," ते म्हणाले. "तो बेतेल, मी नुसतं काज-बटण करीन. तू रविवारी गावाकडे जाशील, तेव्हा पोचती करशील का?"

दुसऱ्या दिवशी बाजार बंद होता. दुकानाची किल्ली माझ्याकडे असायची. मी आत जाऊन गादीखालचा गज काढला, रोजचा गज घेतला आणि बाहेर आलो. मास्तर एकटेच ओट्यावर बसून त्या गाडीचं दार घासत होते. मी दोन्ही गज त्यांच्यासमोर फरशीवर शेजारीशेजारी ठेवले, एक बाजू भिंतीला टेकवून.

त्यांनी दुसऱ्या टोकावर बोट ठेवलं. मग गळ्यातला टेप काढून आधी एक मोजला, मग दुसरा. "गाडीला कोणता लावला होता?"

मी दाखवला.

त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला, सुया टोचायच्या उशीतून एक उपसली, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि ओवलं. पहिल्याच खेपेला. सुई उजेडाकडे धरून ते हसले, अगदी मोकळे, लहान झाल्यासारखे. "कापड ताणता येतं भाऊ, म्हणून मला कधी कळलं नाही. गाडी कशी ताणणार?"

मग हसू हळूहळू गेलं. बाकीचं त्यांना तेव्हा दिसू लागलं असावं. "कधीपासून?"

"मी लागलो त्याच्या आधीपासून."

"आणि तुला?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"नरडाण्याच्या नानाच्या बाह्या," ते म्हणाले. "गुरुजींच्या कोटाचं अस्तर. त्या पाटलिणीचं झंपर. भर रस्त्यात मला म्हणाली होती, शिंपी स्वतःच्या आईचा कपडा पण सोडत नाही." त्यांचा आवाज चढला नाही. "चारदा मी पदरचं कापड घेऊन पुरं केलं. तेही तूच मोजून दिलंस."

त्यांनी कात्री फडक्यातून सोडवली आणि मशीनवर जागच्या जागी ठेवली. मला जा म्हणाले नाहीत, थांबही म्हणाले नाहीत.

मला वाटलं होतं, ते शेठजींशी भांडतील किंवा वजनमापांच्या साहेबाकडे अर्ज करतील. त्यांनी तसं काही केलं नाही. आठवड्याभरात त्यांनी स्वतःचा, शिक्क्याचा, गज विकत आणला आणि मशीनच्या फळीला आडवा ठोकला. मग आमच्या दुकानातून जो कोणी कापड घेऊन बाहेर येई, त्याला ते सांगत, "आधी इथे मोजा. तुमच्या हाताने मोजा. किती भरलं ते मला सांगा, मग मी हात लावतो." बस एवढंच. दुकानाबद्दल एक शब्द नाही. लोक मोजत, पुन्हा मोजत, आणि कापड घेऊन पायऱ्या चढून आत येत. तीन दिवसांत रोजचा गज दुकानातून नाहीसा झाला आणि शिक्क्याचा गज माझ्या हातात आला.

शेठजींनी मला ओट्यावरच, मास्तरांसमोर, विचारलं, "हे मास्तरांच्या डोक्यात कोणी भरवलं?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. तेव्हाही.

मास्तर काज करत होते. मान वर न करता म्हणाले, "गाडीने सांगितलं, शेठजी. गाडी लांब आली ना."

शेठजी काही समजल्यासारखे, काही न समजल्यासारखे आत गेले. माझी नोकरी राहिली, खोलीही राहिली. मीटर येऊन गज अडगळीत गेले तेव्हाही मी तिथेच होतो. नरडाण्याचे नाना पुढे अनेकदा कापडाला आले. मास्तरांवर घेतलेला आळ खोटा होता, हे त्यांना सांगायची संधी मला प्रत्येक वेळी होती. मी कापड मोजून दिलं, दोन बोटं जास्तच, आणि ते घेऊन ते गेले. आता ते हयात असतील असं वाटत नाही.

ती गाडी मास्तरांनी दुरुस्त केली नाही. पाव इंच कापून जोडता आलं असतं, एखादी पट्टी लावून फट झाकता आली असती. मी तसं सुचवलंही. ते म्हणाले, "चुकीच्या मापावर बेतलेलं उसवायचं असतं, ठिगळ लावायचं नसतं." त्यांनी सुया, बटणं, चाकं सगळं उतरवून घेतलं आणि ते रिकामं अंग, दारांसकट, माझ्या हातात दिलं. "हे तुझं माप," म्हणाले. रागाने नाही. शिंपी गिऱ्हाइकाला त्याचा कपडा देतो तसं.

आणि नवी गाडी करायची ठरवली. पुन्हा पहिल्यापासून. ती बदामी गाडी पुन्हा धुळ्यात येईल तेव्हा खरं माप घ्यायचं म्हणून सहा महिने वाट बघितली. ती आली, त्या घरच्या दुसऱ्या लग्नाला. या खेपेला त्यांनी मला हाक मारली नाही. मी आपण होऊन उतरलो आणि त्यांच्या गजाचं दुसरं टोक धरलं. आकडा लिहून घेताना त्यांनी तो मोठ्याने उच्चारला, मला ऐकू जाईल असा.

गाडी पुरी व्हायला आणखी दीड वर्ष लागलं. मधल्या काळात त्यांनी किती शेरवान्या बेतल्या ते मी सांगू शकणार नाही. एका दुपारी त्यांनी मला बाहेर बोलावलं. बदामी रंगाची ती मोटार मशीनवर, कात्रीशेजारी उभी होती. सोळा सुयांची जाळी, काचबटणांचे दिवे, आतल्या गादीत माझ्या लग्नातल्या उपरण्याची चिंधी. ती त्यांनी महिन्यापूर्वी माझ्याकडून मागून नेली होती, कशाला ते न सांगता.

मागचं दार उघडं होतं. "लाव," ते म्हणाले.

मी एका बोटाने ढकललं. टक् असा आवाज झाला. मास्तरांनी सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, वरून खाली आणि खालून वर. नख कुठेही अडलं नाही. मग त्यांनी मला तसंच करायला लावलं. चष्मा फळीवर पडला होता, धूळ खात.